हुरड्यातले कार्डिनल

एक जूनला छावणीत, म्हणजे शहराच्या जुन्या लष्करी भागात, दुपारची चूल पेटत नसे. सगळी छावणी चर्चच्या अंगणात जेवायला असे, कारण त्या दिवशी अर्ध्या छावणीचा वाढदिवस असे आणि उरलेली अर्धी त्यांची बायकापोरं असत.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात गावोगाव शाळा निघाल्या. गुरुजी पोरं गोळा करत वस्त्यांवरून फिरायचे. पोरगं कधी झालं असं विचारलं की आई सांगायची, नदीला मोठा पूर आला त्या साली, तुरी भरत होत्या तेव्हा. गुरुजींच्या रकान्यात तुरी बसत नसत. ते पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला सांगायचे, कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं असं ठरवायचे, आणि जन्मतारीख लिहायचे एक जून. पिढीच्या पिढी एक जूनला जन्मली. आमचे पोस्टमनकाका एक जूनचे, हनीफ टेलरमास्तर एक जूनचे, माझे आजोबा एक जूनचे. आणि फादर लुकस पाटोळे, जे पुढे बिशप झाले, मग आर्चबिशप झाले, आणि शेवटी कार्डिनल होऊन लाल टोपी घालून रोमहून परत आले, तेही एक जूनचेच.

फादरनी त्या दिवसाला नाव दिलं होतं, संत गुरुजींचा सण. चर्चच्या कॅलेंडरात असा संत नाही. फादर म्हणायचे, नसेना का, चमत्कार तर केलाय, एका माणसानं एका दिवशी इतकी लेकरं जन्माला घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागायचे. त्यांचं हसू खांद्यांत सुरू व्हायचं, आवाज नसायचा, आणि मग कुकरची शिट्टी व्हावी तसं एकदम बाहेर पडायचं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना हसू आलं की ते लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत. मागून नुसते हलणारे खांदे दिसत. नव्या माणसाला वाटे, फादर रडतायत, काय भक्ती आहे.

मी देव मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी ट्रेडल मशीन होतं. आजोबांचा छापखाना घरातच, आणि मी अक्षरं गिरवली ती पत्रकांवर. ‘कामगार बंधूंनो’ हा मला वाचता आलेला पहिला शब्दसमूह. आजोबा सिल्लोडकडच्या शेतकरी घरातले, घर सोडून लाल झेंड्याखाली आलेले. फादर त्यांना कॉम्रेड म्हणत आणि ते फादरना पुजारी म्हणत. छावणीत आमची भिंत आणि चर्चची भिंत एकच होती, आणि ते दोघं पन्नासेक वर्षं त्या भिंतीच्या दोन बाजूंनी भांडत होते. भांडण तापलं की फादर भिंतीवरून चहाचा कप सरकवायचे. आजोबा चहा प्यायचे आणि रिकामा कप परत देताना उरलेला मुद्दा मांडायचे.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले. चर्चच्या आतही जात कशी शिल्लक आहे, यावर एक चांगलं खरमरीत पत्रक लिहिलं आणि ताठ मानेनं फादरना नेऊन दिलं. तेव्हा ते कार्डिनल होऊन निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून ते उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं, आता उपदेश येणार. ते म्हणाले, “हे फार सौम्य झालंय गं. दुसरा परिच्छेद तर चक्क आमच्या बाजूनं आहे.” आणि खिशातलं पेन काढून त्यांनी मला दोन मुद्दे वाढवून दिले, दोन्ही स्वतःच्या अनुभवातले, दोन्ही असे की वाचताना माझे कान तापले. एका मोठ्या शहरात तरुणपणी ते मिस्सा द्यायचे तेव्हा काही घरं ठरवून दुसऱ्या फादरच्या रांगेत उभी राहत. यांच्या हातचा प्रसाद नको असे. “मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं. म्हणाले, “माझी रांग लवकर संपायची. मी लवकर जेवायला जायचो.”

त्यांचं गाव लासूर स्टेशनच्या पलीकडं. तिथली गावाबाहेरची वस्ती पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी एकाच दिवशी ख्रिस्ती झाली. गोऱ्या फादरांनी विहिरीच्या पाण्यानं सगळ्यांचा बाप्तिस्मा केला आणि पोरांच्या जन्मतारखा शाळेतून घेतल्या. त्यामुळे चर्चमध्येही फादर एक जूनचेच राहिले. आई त्याआधीच गेली होती, पोरगं चालायला लागायच्या आत, पटकीत. तिचा फोटो असायचा प्रश्नच नव्हता. तिला पाहिलेली एकच व्यक्ती उरली होती, फादरांची थोरली बहीण मार्था. वस्तीत तिला मारताक्का म्हणत. नऊवारी, गळ्यात काळी पोत आणि तिच्यात छोटा क्रूस, कमरेला तंबाखूची चंची. जगातल्या एका कार्डिनलला लुक्या म्हणणारी ती एकटीच.

संत गुरुजींच्या सणाचा एक नियम होता. केक कापायचा, मटण-भाकरी वाढायची, पण हात धुण्याआधी प्रत्येक एक जूनवाल्यानं उभं राहून आपण खरे कधी जन्मलो ते सांगायचं. माझे आजोबा कापसाच्या बैलगाडीत झाले होते, जिनिंगच्या दारात, आणि हे सांगताना ते दरवर्षी स्वतःला कामगारवर्गात धरत. हनीफ मास्तर म्हणायचे, “मैं तो चांदरात को पैदा हुआ, इसलिए अम्मी का ईद का शिरखुर्मा गया. आज तक ताना मारती है, कबर में से.” सगळ्यात शेवटी फादर. पण ते स्वतः सांगत नसत. ते मारताक्काला उठवत.

अक्का सांगायची. हुरड्याचे दिवस. कडाक्याची थंडी. आई पाटलाच्या शेतात ज्वारीच्या कडेला गवत कापत होती. पोटात कळ आली तशी बांधावरच बसली. बापाला काही सुचेना. पोरीनं रडू नये म्हणून त्यानं आगटीतलं गरम कणीस चोळलं आणि दाणे तिच्या तोंडात कोंबले. जीभ भाजली. ती बोंबलायला लागली, आणि त्याच वेळी पलीकडून हे बोंबलायला लागलं. “ह्ये पण रडतंय, म्या पण रडतीय,” अक्का म्हणायची, आणि मग थांबायची, कारण पुढचं वाक्य अंगणातली सगळी माणसं एका सुरात म्हणत. “आणि आई हसतीय.” फादर सगळ्यांत मोठ्यानं म्हणत. टाळ्या पडत, आणि मग हात धुवायचे.

फादरांचं दुसरं वेड म्हणजे निवडणूक. ग्रामपंचायत, कॉर्पोरेशन, दूध संघ, हाउसिंग सोसायटी, कुठलीही. मतदानाच्या दिवशी छावणीच्या शाळेत ते पहिले. शाई लावलेलं बोट दिवसभर वर धरून फिरायचे, आशीर्वाद देतानाही तेच बोट पुढं. प्रत्येक निवडणुकीत कोण येणार हे ते छातीठोक सांगत आणि प्रत्येक वेळी त्यांचा माणूस पडे. उमेदवार त्यांना टाळायला लागले होते. एकानं तर येऊन हात जोडले म्हणे, फादर, आशीर्वाद द्या, पण मी येणार असं मात्र कुणाला सांगू नका.

बिशप झाल्याची बातमी आली तेव्हा ते छापखान्यात आजोबांशी याच विषयावर भांडत होते. चर्चमधून कोणी धावत आलं, दिल्लीहून फोन आहे. ते गेले, परत आले, आणि म्हणाले, “मला बिशप केलं.” आजोबांनी विचारलं, मतं किती पडली. फादर म्हणाले, “तेच तर. मतदानच नाही. वरून नेमणूक.” त्या दुपारभर ते खट्टू होते. अशी नेमणूक म्हणजे आमदारकीशिवाय मंत्री, असं त्यांना वाटत होतं.

बिशप झाल्यावरही ते एसटीनंच फिरायचे. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी कन्नडच्या गाडीत उभे होते, पांढरा झगा, कमरेला जांभळा पट्टा, डोक्यावर जांभळी टोपी. शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन एक बाई बसलेली. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, बाबा, कोणत्या बँडमधी हाय तुमी. बिशप म्हणाले, “बँड लई मोठा हाय मावशी, दुनियाभर वाजतो. मी नुसता झांजवाला.” तिनं सरकून जागा दिली आणि भाव विचारला, पोरीचं लग्न होतं. पुढं त्या लग्नात फादर खरंच गेले. चर्चच्या बोर्डिंगातली पोरं ढोल-पिपाणी घेऊन बरोबर, आणि झांजा फादरच्या हातात. हे आजोबा मला सांगायचे तेव्हा शेवटी एक वाक्य जोडायचे, “ताल मात्र नव्हता पुजाऱ्याला.”

कार्डिनल केल्याची बातमी आली ते साल मला स्वतःला आठवतं. टोपी पोप देणार, पण लाल झगा आपला आपण शिवायचा. रोमच्या शिंप्याकडं शिवला तर भलता महाग, म्हणून फादर शहागंजात हनीफ मास्तरांच्या दुकानात आले. मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली आणि विचारलं, लाल म्हणजे कोणता लाल. “दुल्हन का लाल, कुली का लाल, या कॉम्रेड का लाल?” फादरांकडं नमुन्याला एक छापील चित्र होतं. मास्तर ते घेऊन बाजारभर फिरले. एक लाल गुलाबीकडं झुके, दुसरा विटकरी पडे. शेवटी ज्या दुकानातून आजोबा वर्षानुवर्षं झेंड्याचं कापड घ्यायचे, तिथल्या ताग्यावर मास्तरांनी हात ठेवला आणि चित्राशेजारी धरला. सुताचाही फरक नव्हता.

आजोबा तेव्हा दुकानातच होते, मोर्चाचं कापड घ्यायला. त्यांनी ताग्याकडं पाहिलं, फादरकडं पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, “अर्धा तागा माझा. अर्धा पोपचा.” दुकानदारानं एकाच कात्रीनं दोन्ही कापले. त्या महिन्यात कामगारांचा मोर्चा आणि रोममधला समारंभ एकाच रंगात झाले. टीव्हीवर तो समारंभ दाखवला तेव्हा फादर पोपपुढं गुडघे टेकत होते आणि आमच्या घरात आजोबा खुर्चीवर उभे राहून ओरडत होते की आपला झेंडा आत घुसलाय. त्यांच्या नास्तिकपणाला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी नंतर कधी पाहिला नाही.

लाल टोपी घेऊन फादर आले तेव्हा त्यांच्या गावानं सत्कार ठेवला. मी आजोबांबरोबर गेले होते. चावडीचा ओटा झेंडूनं सजवलेला, वर खुर्च्या, आमदार, सरपंच, सगळे कडक इस्त्रीचे. फादर आले आणि ओट्याच्या पायरीशी थांबले. मारताक्का मागून हळू आवाजात काहीतरी बोलली. नंतर कळलं, ती म्हणाली होती, या पायरीवर बाप आपला पायातलं हातात घेऊन उभा राहायचा. फादर पायरीवर बसले. वर या, वर या असा गलका झाला. ते म्हणाले, गुडघा दुखतो, वर चढवत नाही. आता सत्काराचा माणूस खाली आणि बाकीचे वर, हे बरं दिसेना. एकेक जण उतरला. आमदार पांढरी पँट सांभाळत मातीत बसले. सरपंचानं खाली वाकून फेटा बांधला. परतीच्या वाटेवर मी विचारलं, गुडघा खरंच दुखतो का. फादर म्हणाले, “दोन्ही ठणठणीत आहेत,” आणि जीपमध्ये कुकरची शिट्टी झाली. माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून इतकी माणसं जमिनीवर आणली नाहीत.

निवृत्त झाल्यावर ते कायमचे परत छावणीत आले, चर्चच्या मागच्या खोलीत, आमच्या भिंतीशेजारी. शहराचं नाव या काळात बदललं, मोठे रस्ते झाले, छावणी छावणीच राहिली. आता त्यांच्या आयुष्यात एकच इच्छा उरली होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. त्यांना पोपच्या निवडणुकीत मत द्यायचं होतं.

पोप वारले की जगातले कार्डिनल रोममध्ये एका खोलीत कोंडून घेतात आणि नवा पोप निवडतात. फादरांना याचं वर्णन करताना बघायला हवं होतं. लाउडस्पीकर नाही, जेवणावळी नाहीत, भिंतीवर पोस्टर नाही तर साक्षात मोठमोठी चित्रं. कोणी उमेदवार नाही, प्रत्येक जण उमेदवार. आणि निकाल धुरानं. नाही जमलं तर काळा, जमलं तर पांढरा. सगळं आयुष्य वरून नेमणुका झाल्या, ते म्हणायचे, एकदा तरी खालून कोणाला तरी निवडून वर पाठवायचंय. अडचण एकच. वयाची ऐंशी पूर्ण झालेल्या कार्डिनलला मत नसतं. आणि फादर ऐंशीच्या दारात आले होते.

त्या वैशाखात पोप वारले.

फादर दिवसभर गुडघ्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी मात्र छावणीला चढली. कागदावर फादर एक जूनला ऐंशीचे होणार होते. एक जून अजून यायची होती. म्हणजे मत होतं, पण नुसतं हुकता हुकता राहिलेलं. आपला माणूस पोप निवडणार. कुणी म्हणे, आपला माणूस पोप होणार. हनीफ मास्तर आता नव्हते, त्यांचा मुलगा लाल झगा घेऊन गेला आणि इस्त्री करून हँगरवर सायकलनं परत आणला, तो सगळ्या छावणीतून मिरवत. तरुण फादर अनिल, जे आता चर्च सांभाळत, दिल्लीशी फोनवर होते. विमानाचं ठरत होतं. फादरांनी कोण पोप होणार हे छातीठोक सांगून टाकलं होतं, आणि छावणीला त्या बिचाऱ्या परदेशी कार्डिनलची दया येत होती.

आणि तरी एक गोष्ट कोणी तोंडानं काढत नव्हतं. सगळ्या छावणीनं दरवर्षी एका सुरात म्हटलेलं ते वाक्य. हुरडा थंडीत असतो, आणि अक्काच्या हिशेबानं तो हुरडा कागदावरच्या एक जूनच्या आधीच्या थंडीतला. थंडी होऊन गेली होती. खऱ्या वयानं फादर पौषातच ऐंशीचे झाले होते.

फादर अनिल सहज म्हणाले, चर्चला कागद दिसतो, कागद म्हणजे कागद. आजोबांनी भिंतीवरून उडी मारल्यासारखं डोकं काढलं. “पुजाऱ्या, एक जूनवर तुला शाळेत घेतलं. एक जूनवर फादर केलं, बिशप केलं. सगळा मराठवाडा एक जूनवर नोकरीला लागला आणि एक जूनवर रिटायर झाला. सरकारनं मानलं, पोपनं मानलं, आता तुला एकट्यालाच काय खाज आहे?” मीही हेच म्हणत होते. गावाबाहेरच्या वस्तीतलं पोरगं त्या चित्रांच्या खोलीत मत टाकणार, याहून मोठं पत्रक कोणतं? मी मनातल्या मनात मथळाही लावून ठेवला होता.

फादर हसले नाहीत, खांदे हलले नाहीत. म्हणाले, “अक्काला बोलवा.”

मारताक्का दुसऱ्या दिवशी दुपारी लासूरहून आली. फडक्यात बाजरीच्या भाकरी, ठेचा, कांदे. रोममध्ये काय खाणार म्हणून. फादरांच्या खोलीत पलंगावर सुटकेस उघडी पडलेली, त्यात लाल झग्याची घडी. तिनं भाकरीचं फडकं झग्यावर ठेवलं. फादर अनिलनं ते हळूच उचलून बाजूला ठेवलं, तिनं परत झग्यावर ठेवलं.

फादर तिच्यासमोर जमिनीवर बसले. सगळा प्रकार तिला सांगितला, ऐंशी, कागद, मत. तिनं ऐकून घेतलं आणि चंची सोडली.

“तुला जायाचं हाय का लुक्या?”

“लई जायाचं हाय अक्का.”

“मंग जा की. म्या काय सांगते तुज्या पोपला. उन्हाळ्यात झालास म्हणते. पावसाळ्यात म्हण, तर पावसाळ्यात. तिथं मला इचारायला येतंय कोण?”

खोलीत सगळे सुटल्यासारखे हसले. आजोबा तर हात जोडून अक्काला नमस्कार करायला लागले. फादरही हसले, पण थोडं उशिरा. मग म्हणाले, “अक्का, एकदा ती गोष्ट सांग.”

“कोणती?”

“माझ्या जन्माची.”

“आता? एक जून का आज?”

“सांग.”

ती सांगायला लागली. थंडी, पाटलाचं शेत, बांध, बाप, गरम कणीस, भाजलेली जीभ. हे पण रडतंय, म्या पण रडतीय. आणि सवयीनं थांबली. सगळ्यांनी तोंड उघडलं आणि कोणाच्याच तोंडून आवाज निघाला नाही. अक्कानंच मग एकटीनं वाक्य पुरं केलं, हळू, जणू पहिल्यांदाच आठवल्यासारखं. आई हसतीय.

“उन्हाळ्यात झालो असतो,” फादर म्हणाले, “तर शेतात हुरडा नसता. हुरडा नसता तर तुझी जीभ भाजली नसती. तू बोंबलली नसतीस तर आई हसली नसती.” त्यांनी आजोबांकडं पाहिलं. “माझ्याकडं आईचं दुसरं काही नाही रे कॉम्रेड. तेवढंच आहे. ते रोमला देऊन मी मत घेऊ?”

आजोबांनी सुटकेसमधलं भाकरीचं फडकं उचललं आणि अक्काच्या हातात दिलं. 

मग फोन. दिल्लीत पोपच्या वकिलातीतले परदेशी साहेब लाईनवर, स्पीकर चालू, आम्ही सगळे दाटीवाटीनं. फादर इंग्रजीत त्यांना हुरडा समजावून सांगत होते. ज्वारी. हो, धान्य. नाही, पिकलेली नाही, कोवळी. शेतातच आगटी करायची, त्यात कणीस भाजायचं, हातावर चोळायचं. हो, खातात. फार छान लागते. नाही, उन्हाळ्यात मिळत नाही, तोच तर मुद्दा आहे.  मग साहेबांनी अदबीनं विचारलं, या जन्मवेळेचा काही पुरावा आहे का. फादरांनी शेजारी पाहिलं. “आहे,” ते म्हणाले, “माझ्या शेजारी बसून तंबाखू मळतोय.” आणि इथं, इतक्या दिवसांनी, त्यांचे खांदे हलायला लागले. दिल्लीच्या साहेबांना कुकरच्या शिट्टीचा आवाज बहुतेक स्पष्ट ऐकू गेला असावा.

निकालाच्या दिवशी चर्चच्या अंगणात टीव्ही लावला होता. फादर लुंगी आणि बंडीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. काळा धूर आला की हळहळत, पांढरा आला तेव्हा उभे राहिले आणि खुर्ची मागे पडली. त्यांनी सांगितलेला माणूस अर्थातच पडला होता.

एक जूनला नवीच पंचाईत उभी राहिली. फादर नेहमीप्रमाणे एक जूनवाल्यांच्या पंगतीत बसले तर आजोबांनी हरकत घेतली. ज्यानं आपली तारीख रोमला कळवून दुरुस्त केली, तो आता संत गुरुजींचं लेकरू राहिलेला नाही. त्यानं उठावं. फादर म्हणाले, मग मी जेवायचं कुठं. आजोबा म्हणाले, वाढप्यांबरोबर, शेवटच्या पंगतीत. आणि कार्डिनल उठले, कमरेला टॉवेल गुंडाळला, आणि रश्श्याची बादली घेऊन पंगतीतून फिरले. आजोबांच्या ताटात त्यांनी तीनदा हाडंच वाढली.

त्या वर्षी पौषात मारताक्कानं निरोप पाठवला, लुक्याचा खरा वाढदिवस गावाकडं करायचा. आम्ही दोन जीपांतून गेलो. तोच बांध दाखवला तिनं. शेत आता दुसऱ्या कुणाचं तरी, त्या माणसानं हौसेनं आगटी पेटवून दिली. ओली गवरी होती, आधी काळपट धूर निघाला, डोळे चुरचुरायला लागले. फादर म्हणाले, अजून जमत नाही वाटतं आतमध्ये. मग गवरी पेटली आणि धूर पांढरा झाला, दाट, सरळ वर चढणारा, आणि बांधावरची सगळी मंडळी आपोआप टाळ्या वाजवायला लागली. नव्वदीला टेकलेल्या मारताक्कानं विचारलं, टाळ्या कशाच्या. कोणालाही नीट सांगता येईना, हसूच आवरत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात फादर गेले. शांतपणे, दुपारच्या झोपेत. रोमहून माणसं आली, फादरांना लाल झगा घातला होता, आणि आजोबांनी त्यांच्या पायांशी त्याच ताग्यातला उरलेला तुकडा ठेवला. पण ते सगळं मला आठवायचं ठरवावं लागतं. न ठरवता आठवतं ते बांधावरचं.

गरम कणीस त्यांनी अक्काच्या हातातून घेतलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, पहिले दाणे तिच्या तोंडात घातले. ती म्हणाली, “आता नाय भाजत. दात बी नाहीत अन् जीभ बी मेली.” मग दुसरं कणीस, तिसरं. चोळून चोळून तळवा काळा झाला. त्यांच्या लाल टोपीवर ज्वारीचं भुस्कट बसलं होतं. आजोबा जरा लांब, बाजेवर. फादरांनी त्यांना हाक मारली आणि डाव्या हाताचं बोट वर धरलं. टोकापासून पेरापर्यंत काळंकुट्ट. शाळेतून मतदान करून बाहेर येताना धरायचे, अगदी तसंच.

“कॉम्रेड,” ते म्हणाले, “देऊन आलो.”